ऑर्गनने गिळलेला मफलर

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे अगदी खरोखरच वाकून. गेले सहा दिवस मला सरळ उभं राहता येत नाही. का, ते पुढे येईलच. पत्र मधेच सोडून शेवटाकडे उडी मारू नकोस, तुझी ती जुनी खोड मला ठाऊक आहे.) तुझी प्रकृती कशी आहे? खोकला गेला का? भाऊजींच्या गुडघ्यांचं काय? मागे आले होते तेव्हा आमच्या जिन्याच्या पायऱ्या मोजत चढले आणि वर पोचल्यावर, एक पायरी जास्त आहे, अशी माझ्याकडे तक्रार केली. मी तेव्हापासून दोनदा मोजल्या. त्यांचं बरोबर होतं असं त्यांना सांग, म्हणजे त्यांना बरं वाटेल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी भावजय म्हणते की मी सोडून सगळे खुशाल आहेत. ती माझ्या पाठीला रोज दोनदा मलम चोळते, आणि ज्या जोराने चोळते त्यावरून तिला माझी दया येते आहे की राग, ते ठरवता येत नाही.

अकरा महिन्यांत तुझं पत्र नाही. मीही पाठवलं नाही. पण मी धाकटा, माझ्याकडून काय अपेक्षा ठेवायची? भांडण कशावरून झालं ते आपल्या दोघांनाही पाठ आहे, तरी एकदा लिहून काढतो, कारण मला त्यात थोडी दुरुस्ती करायची आहे. बाबा गेले, थडग्यासाठी आपण दगड पसंत केला, आणि दगडावर काय कोरायचं यावरून आपलं जुंपलं. तुला त्यांच्या आवडत्या नाताळच्या गाण्याची ओळ हवी होती. मला नाव आणि खाली 'वाद्यांचे दुरुस्तीकार' एवढंच हवं होतं. तू म्हणालीस, बाबा श्रद्धाळू होते, एक नाताळ त्यांनी चर्चमध्ये चुकवला नाही. मी म्हणालो, ऑर्गन बंद पडेल या धास्तीने जायचे. आगीच्या बंबाचा माणूस रोज नाटकाला हजर असतो, म्हणून काय तो नाटकवेडा ठरतो? (हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. तू दार आपटून गेल्यावर मी ते मनात पुन्हा एकदा म्हणून घेतलं.) बाबा कधी बाकावर बसले नाहीत, कधी गायले नाहीत, ऑर्गनच्या मागे जे जायचे ते सगळी मंडळी पांगल्यावरच बाहेर यायचे, हे माझे मुद्दे. त्यावर तुझा मुद्दा असा की मला काळीजच नाही. मग दगड कोरा राहिला तो राहिलाच. दगडवाल्यांच्या अंगणात भिंतीला टेकून उभा आहे. माणूस सभ्य आहे, पण आता त्यांचाही धीर सुटत चालला आहे. मध्यंतरी मी गेलो तर बाबांच्या दगडावर त्यांच्या घरचे पायमोजे वाळत होते.

तर या वर्षी नाताळच्या आधी चर्चमधून निरोप आला, ऑर्गन बघायला कोण येणार? बाबांनी मला दुकानातली सगळी विद्या दिली, पेटीचे सूर, अकॉर्डियनचे भाते, पियानोच्या तारा, सगळं. चर्चचा ऑर्गन मात्र स्वतःकडे ठेवला. तिथे मला कधी नेलं नाही; मी विचारलं तर म्हणायचे, मागे जागा एकाचीच आहे. (हे खोटं होतं. पुढे येईल.) मी हत्यारांची पेटी घेऊन गेलो. ऑर्गनच्या मागे एक बुटकं दार आहे, त्यातून आडवं होऊन आत शिरावं लागतं. आत शिरलो, विजेरी पेटवली आणि तोंड उघडं टाकून बघतच राहिलो. ताई, समोरून तो ऑर्गन म्हणजे एक मोठं कपाट दिसतं. आत दोन मजली घर आहे! शिड्या आहेत, माळे आहेत, बोटाएवढ्या नळीपासून माझ्या दुप्पट उंचीच्या नळीपर्यंत शेकडो नळ्या ओळीने उभ्या आहेत, आणि खाली चामड्याचा भाता, आपल्या जेवणाच्या टेबलापेक्षा मोठा. आणि सगळं स्वच्छ. कुठे जळमट नाही. बाबांनी एवढी निगा आपल्या घराची कधी राखली नाही, तुला ती नळाखालची बादली आठवत असेलच.

मी तिथे पालथा पडून एका नळीची धूळ फुंकत होतो, तेव्हा पलीकडे बैठक सुरू झाली. बैठक गाण्यांची. तिघंजण होते. पहिल्या पाळकबाई. दोन वर्षांपूर्वी आल्या, त्याआधी परिचारिका होत्या, अजूनही माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांची खालची पापणी बघतात. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली असते. दुसरे दातांचे डॉक्टर, ते गायकवृंदाचे मास्तर. (गाणाऱ्यांनी तोंड पुरेसं उघडलं नाही की हे जवळ जाऊन आत बघतात. अर्धा वृंद त्यामुळे ओठ मिटून गातो.) तिसऱ्या ऑर्गनवाल्या बाई, कचेरीत टंकलेखन करतात. पाळकबाईंनी पेन्सिल काढली आणि गाण्यांच्या यादीतली सात गाणी खोडली. त्यांचं म्हणणं असं की घंटा, बर्फ, मेणबत्त्या, आईची आठवण, हे सगळं गोड आहे, पण ज्याच्यासाठी आपण जमतो तो या गाण्यांत कुठेच नाही. लोक वर्षातून एकदा येतात, गळा दाटून येतो, आणि गळा दाटला म्हणजे श्रद्धा झाली असं समजून वर्षभर सुट्टीवर जातात. डॉक्टर तापले. ते म्हणाले, माझ्या खुर्चीत माणसं सुई टोचली तरी रडत नाहीत, लाज वाटते म्हणून. ती इथे येऊन रडतात, तर तुम्ही त्यांना रडण्याची पात्रता विचारणार? मी स्वतः (डॉक्टर म्हणाले, आणि इथे त्यांचा आवाज खाली आला) शिकत होतो तेव्हापासून प्रार्थना केलेली नाही. पण ही गाणी आली की माझ्यात काहीतरी उभं राहतं. त्याला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा, बाहेर काढू नका.

मी आत. कान मात्र दोन्ही बाहेर. आणि ताई, सातवं खोडलेलं गाणं कुठलं असेल? आपलंच, बाबांचं. 'दार लोटून घ्या हो हळू, बाळाला वारा लागेल. आत्ताच कुठे डोळा लागला, चाहूल लागली तर जागेल.' पाळकबाई म्हणाल्या, यात देवाचं नाव नाही, देवदूत नाही, काही नाही. नुसती दाराची तक्रार आहे. (मला आत हसू फुटलं. अकरा महिन्यांपूर्वी मी तुला शब्दन् शब्द हेच म्हणालो होतो. म्हणालो होतो, बाबांना हे गाणं आवडायचं ते धंद्यापायी, झुळुकीने सूर बिघडतात.) पण पुढे त्या जे बोलल्या ते माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. शेवटच्या कडव्यात तो वाटसरू म्हणतो ना, 'दार लोटलं, मी बाहेर उभा, फटीतून उजेड येतो.' पाळकबाईंनी विचारलं, हा आत का जात नाही? सगळी गाणी म्हणतात या, आत या, बघा. हा एकटाच दार लावून बाहेर थांबतो. अशा माणसाला आम्ही नाताळला गाण्यातून शाबासकी द्यायची? डॉक्टर म्हणाले, तो बाळाला थंडी वाजू नये म्हणून बाहेर थांबतो, याहून अधिक काय करायला हवं त्याने? दोघांचे आवाज चढले. शेवटी ऑर्गनवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मला शब्द दिसतच नाहीत, मला फक्त सूर दिसतात. वाजवायचं की नाही तेवढं सांगा, चारला मला दळण आणायला जायचंय.

मग तिघांना एकदम आठवण झाली की आत एक माणूस आहे. मला बोलावलं. मी बुटक्या दारातून फक्त डोकं बाहेर काढलं (बाकीचा मी निघत नव्हतो) आणि तिघांच्या पायांकडे बघत म्हणालो, मला श्रद्धेतलं काही कळत नाही, हवा कुठून गळते तेवढं कळतं. हे वाक्यही मला आवडलं. पाळकबाईंना नाही आवडलं. तरी तोड निघाली. आपलं गाणं उपासनेत नाही, पण आशीर्वाद देऊन झाल्यावर, लोक उठून जायला लागले की म्हणायचं. म्हणजे ते धरलंही जाणार नाही आणि गाळलंही जाणार नाही. मी मनात म्हटलं, या बाईंना दगडवाल्यांच्या अंगणात नेलं असतं तर आपलं भांडण पंधरा मिनिटांत मिटलं असतं.

आता मफलरचं. तू विणलेला तो राखाडी मफलर. ताई, तो माझ्या जिवाचा होता, हे आधी नोंदवून ठेव. ऑर्गनला हवा देणारी मोटर मागच्या बाजूला एका लाकडी खोक्यात आहे. तिच्या तोंडाची जाळी मी साफ करायला काढली आणि शेजारी ठेवली. वरती एक लहान खिडकी, तिच्या फटीतून बोचरा वारा येत होता. नळ्या गार पडल्या की सूर उतरतो, म्हणून मी गळ्यातला मफलर काढला आणि फटीत कोंबला. एक दिवसापुरता, असं म्हणून. मग चहाला बोलावलं म्हणून गेलो. जाळी जिथे ठेवली होती तिथेच राहिली, मफलर जिथे कोंबला होता तिथेच. पाळकबाईंनी विचारलं, मोटरची काळजी नाही ना? मी म्हणालो, पुढची वीस वर्षं बघायला नको.

नाताळचा दिवस. दुपारी चारची उपासना. मी तिथे का गेलो? मोटरवर माझा विश्वास होता, मग जायचं कारण काय? तुझ्या भावजयीनेही हेच विचारलं. मी तिला सांगितलं, बाबा जायचे म्हणून. पावणेचारला मी मागे शिरलो. बाबांचं स्टूल होतं त्यावर बसलो. ऑर्गनवाल्या बाईंनी कळ दाबली, मोटर सुरू झाली, आणि त्याच घटकेला वरून मफलर निसटला. मला तो पडताना दिसला. हात पुढे केला तोवर त्याचं एक टोक मोटरच्या उघड्या तोंडात गेलं होतं. जेवताना शेवयांचं टोक ओढून घ्यावं तसा तिने तो सगळा मफलर ओढून घेतला. एक घुसमटलेला आवाज आला, जळक्या लोकरीचा वास आला आणि सगळं शांत. पलीकडे दोनशे माणसं बसलेली. बुटक्या दारातून पाळकबाईंचं डोकं आत आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं (खालच्या पापणीकडे), मोटरकडे बघितलं, आणि एवढंच विचारलं, "हाताने होतं का?"

हाताने होत होतं. भिंतीशी जुना दांडा होता, मोटर यायच्या आधीचा, चांगल्या मनगटाएवढ्या जाड लाकडाचा. बाबांनी त्यालाही तेल देऊन ठेवलेलं. दांडा खाली दाबायचा, वर सोडायचा, की भाता भरतो. शेजारच्या फळीवर दोरीला शिशाचं वजन लोंबतं. भाता भरला की वजन खाली उतरतं, हवा संपत आली की वर चढतं. वरच्या खुणेपर्यंत जाऊ द्यायचं नाही, एवढंच शास्त्र. मी कोट काढला आणि दांड्याला लागलो. वजन हळूहळू खाली आलं. आणि मग पहिलं गाणं सुरू झालं.

ताई, हे मी तुला कसं सांगू? मी आयुष्यभर वाद्यं उघडतो आणि मिटतो. सूर म्हणजे पट्टीची लांबी, तारेचा ताण, हे मी गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगतो. त्या दिवशी मी एक लाकूड खाली दाबलं, आणि माझ्या डोक्यावर दोन मजली घर बोलायला लागलं. ती मोठी नळी वाजली तेव्हा पायाखालची फळी थरथरली, माझे दात थरथरले, (डॉक्टरांनी बसवलेला तर वेगळाच) आणि पलीकडे दोनशे माणसं एकदम उठून गायला लागली. मला कुणी दिसत नव्हतं. फळ्यांच्या फटीतून फक्त उजेडाची एक रेघ येत होती. मी थक्क झालो. घाबरलो म्हटलं तरी चालेल. घाम, जळकी लोकर, जुनं चामडं, आणि अंगावरून जाणारा तो आवाज. मला पहिल्यांदा वाटलं, आपण इतकी वर्षं नुसते डबे बाहेरून पुसत होतो.

दुसऱ्या गाण्याला डोळे अंधाराला सरावले आणि समोरच्या फळ्यांवर पेन्सिलची अक्षरं दिसली. बाबांची. दांडा मारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतील अशी, वरपासून खालपर्यंत. आपल्या जन्माच्या कितीतरी आधीपासूनची. एकेका नाताळची एकेक ओळ. वर्ष, मग 'कडक थंडी. हवा पुरली.' मग 'दोन नळ्या बेसूर. हवा पुरली.' मग तुझ्या वर्षी, 'मुलगी झाली. हवा पुरली.' माझ्या वर्षी, 'मुलगा. रडका. हवा पुरली.' (धन्यवाद.) 'थोरली आज पहिल्यांदा वृंदात गायली. तिचाच आवाज ऐकू येत होता. हवा पुरली.' मी दांडा मारत होतो आणि वाचत होतो, आणि माझा श्वास कशाने चढला होता ते मला कळत नव्हतं. आणि मग एका ओळीखाली वेगळ्या अक्षरात, बारीक, उजवीकडे झुकलेलं: 'हे घाई करतात.'

तुझ्या पत्र्याच्या डब्यात बरण्यांवरच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या आहेस ना, त्याच अक्षरात. आईच्या.

मी थांबलो. दांडा हातात तसाच. वजन सरसर वर चढलं, आणि पलीकडे देवदूतांची आरोळी चालली होती ती मधेच अशी काही खचली की जणू जिना उतरताना देवदूतांची पायरी चुकली. मी झटकन दाबायला लागलो. (डॉक्टरांनी नंतर माझं अभिनंदन केलं. म्हणाले, ती जागा काय हळुवार घेतलीत!) मग मला दांडा नीट दिसला. त्यावर हातांनी झिजून दोन जागा खोलगट झाल्या आहेत. उजवीकडची मोठी, डावीकडची लहान. ते दोघं मारायचे, ताई. आपण लहानपणी पुढच्या बाकावर आत्याजवळ असायचो, आणि आई कुठे गेली विचारलं की आत्या म्हणायची, बाबांना मदत करते आहे. मला वाटायचं, हत्यारं देत असेल. तुला माहीत होतं का? माहीत असेल आणि तू मला सांगितलं नसशील तर मी पुन्हा अकरा महिने बोलणार नाही.

उपासना संपली. आशीर्वाद झाला. आता आपलं गाणं, जे धरलं जाणार नव्हतं. मी कान देऊन होतो की लोक किती उठतात. एकही बाक करकरला नाही. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. माझे दंड माझे राहिले नव्हते. तिसऱ्या कडव्याला वजन वरच्या खुणेला टेकलं. मी शेवटचा जोर केला, पाठीत काहीतरी कट्कन झालं, आणि मी खाली बसलो. बसलो म्हणजे कोसळलो. ऑर्गनचा आवाज उतरत उतरत गेला आणि बंद झाला. शेवटचं कडवं उरलं होतं. तेवढ्या वेळात मी जेवढी लाज अनुभवली तेवढी शाळेतही अनुभवली नव्हती. मग एक आवाज आला. बारीक, थोडा बेसूर, घाईत लावलेला. 'दार लोटलं, मी बाहेर उभा.' त्यात दुसरा मिसळला, मग दहा, मग सगळे. ऑर्गनशिवाय. हवा नव्हती, मी जमिनीवर पडलो होतो, आणि गाणं चाललं होतं. मी रडलो, ताई. लिहून टाकतो. कशाने, ते विचारू नकोस. पाळकबाई आणि डॉक्टर ठरवतील.

रडताना डोळे पुसायला मान वळवली, तर जमिनीपासून वीतभर उंचीवर आणखी एक ओळ. उभ्या माणसाला दिसणारच नाही. खाली बसलेल्यानेच लिहिलेली, खाली बसलेल्यालाच दिसणारी. आई गेली त्या वर्षीची. 'एकटा. शेवटच्या कडव्याला हवा पुरली नाही. तरी गायले.' त्याखाली पुढच्या वर्षी, 'मोटर बसवली. बसून ऐकलं.' आणि मग त्याखाली दर वर्षी, दर वर्षी, तेच दोन शब्द. 'बसून ऐकलं.' 'बसून ऐकलं.' मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. शेवटची ओळ गेल्या वर्षीची, अक्षर कापरं झालेलं. मोटर नीट चालत होती, बघायला काही नव्हतं. आणि हा माणूस थंडीत त्या बुटक्या दारातून आडवा होऊन आत शिरत होता. आगीच्या बंबाचा माणूस, असं मी म्हणालो होतो ना? ते वाक्य मी परत घेतो.

पाळकबाई पाणी घेऊन आत आल्या. जागा नव्हती, त्या माझ्या शेजारी जमिनीवरच टेकल्या. त्यांनीही ती ओळ वाचली, बराच वेळ वाचली. मी विचारलं, ऑर्गन बंद पडल्यावर आधी कोण गायलं? त्या म्हणाल्या, लक्षात नाही. (डॉक्टर शपथेवर सांगतात की त्याच गायल्या, आणि तोंड नीट उघडलं नव्हतं.) मग त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, तीच, सात गाणी खोडलेली, आणि माझ्या हातात दिली. मी बाबांच्या शेवटच्या ओळीखाली हे वर्ष घातलं आणि त्यांची ती 'हवा पुरली नाही'ची ओळ उतरवून काढली, सुरुवातीचा 'एकटा'सुद्धा.

बाबा श्रद्धाळू होते का? ताई, मला आता सांगता येत नाही. फटीतून येणाऱ्या त्या उजेडाशी ते चाळीसेक वर्षं बसले, एवढं मी पाहून आलो आहे. तू म्हणशील ते मला मान्य आहे. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा (रडका)

ता. क. मफलर गेला. त्याचे तुकडे मी चिमट्याने काढून एका पाकिटात ठेवले आहेत. लोकर अजून चांगली आहे असं म्हणवत नाही. पुढचा विणशील तर किंचित आखूड विण.

ता. क. दुसरा. काल वाकत वाकत दगडवाल्यांकडे गेलो आणि पायमोजे काढायला लावले. नाव, आणि खाली तुझी ओळ. पण पहिली नको, शेवटच्या कडव्यातली घालू, असं मी त्यांना सांगितलं आहे. 'दुरुस्तीकार' गाळलं. तुझं पत्र येईपर्यंत छिन्नी लावू नका म्हटलं आहे, तेव्हा उत्तर पाठव, नाहीतर पायमोजे परत येतील.

ता. क. तिसरा, आणि हा भाऊजींना वाचून दाखवू नकोस. मोटर तिसऱ्याच दिवशी सुरू झाली. शेवटचा धागा निघाला आणि काही घडलंच नाही अशी फिरायला लागली. मी हे चर्चमध्ये सांगितलेलं नाही. पाळकबाईंना सांगितलं आहे की सुटा भाग मिळत नाही, पुढचा नाताळ हातानेच काढावा लागेल आणि दांड्याला दोन माणसं हवीत. त्यांनी माझ्या पापणीकडे बघितलं, आणि दुसरं माणूस तुम्हीच आणा म्हणाल्या. डावीकडची खोलगट जागा लहान आहे, तुझाच हात बसेल. चारला सुरू होतं. पावणेचारला बुटक्या दाराशी ये, आणि आत आलीस की दार लोटून घे. शेजारी उभी राहा. मी घाई करतो.